सर्व्होची गती, कारखान्याची बातमी: पॅकिंग मशीन ओपीसी यूएला जोडताना

कुपवाडच्या एमआयडीसीत हळद पावडर भरणारं एक उभं पाऊच मशीन आहे. मिनिटाला ६० पाऊच काढतं. फिल्म ओढायला एक सर्व्हो (जागा आणि वेग अचूक सांभाळणारी मोटर), पावडर मापणाऱ्या ऑगरला (फिरत्या स्क्रूला) दुसरा आणि सील मारणाऱ्या जॉला (जबड्याला) तिसरा. मालकांचं ऑफिस सांगलीत गणपती पेठेत. त्यांची मागणी अगदी सरळ होती: आज किती पाऊच निघाले, मशीन किती वेळ थांबलं आणि का थांबलं, हे पेढीवर बसून कळलं पाहिजे. तोवर हा हिशेब शिफ्टच्या शेवटी सुपरवायझरच्या रजिस्टरात जायचा आणि ‘का थांबलं’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘मशीन बंद’ एवढंच लिहिलेलं असायचं.

अशी जोडणी ओपीसी यूएनं (यंत्रं आणि संगणक यांनी माहिती देण्याघेण्याची ठरलेली, खुली पद्धत) कशी करायची, हे मी त्याच मशीनच्या आधारानं सांगतो. सांगली, मिरज, सातारा, कराडकडच्या कोणत्याही सर्व्हो मशीनला हीच रीत लागू पडते. सगळं एका गोष्टीवर उभं आहे: गती मशीनच्या घरातच राहिली पाहिजे, बाहेर जाईल ती फक्त तिची बातमी. ऑफिसातल्या संगणकाला मोटर फिरवायचा अधिकार द्यायचा नाही आणि ऑफिसचा संगणक बंद पडला म्हणून मोटर थांबायचीही नाही.

आधी वेळेच्या पायऱ्या समजून घ्या

सर्व्हो ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन चालवणारा डबा) स्वतःचा करंट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात सांभाळतो. इथरकॅटसारख्या बसवर (मशीनचे भाग जोडणाऱ्या डेटा तारेवर) पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) आणि ड्राइव्ह दर १ ते ४ मिलिसेकंदांनी बोलतात. पीएलसीचा नेहमीचा प्रोग्रॅम १० मिलिसेकंदांच्या आसपास एक फेरी मारतो. ओपीसी यूएवरून आपण माहिती घेणार ती अर्ध्या-एका सेकंदानं. मालकांना आकडा हवा असतो तासाला किंवा शिफ्टला.

मिनिटाला ६० पाऊच म्हणजे एका पाऊचला बरोबर एक सेकंद. कुणी हौसेनं फिल्मच्या मोटरची जागा दर सेकंदाला वाचून आलेख काढला, तर काय दिसेल? प्रत्येक वेळी मशीन चक्राच्या जवळजवळ त्याच टप्प्यावर सापडेल आणि धावणारी मोटर आलेखात उभी दिसेल. वेगात फिरणारी चाकं सिनेमात कधी कधी थांबल्यासारखी दिसतात, तसंच हे. म्हणून खालच्या पायरीवरचं कच्चं मोजमाप तसंच वर पाठवायचं नाही. त्याचा सारांश खालीच काढायचा आणि तो सारांश वर द्यायचा.

पॅनेल उघडा, यादी करा, बॅकअप घ्या

पीएलसीचं मॉडेल आणि फर्मवेअर (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), मोकळे पोर्ट, ड्राइव्ह कोणत्या बसवर आहेत आणि एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) कुठल्या पोर्टला आहे, हे सगळं लिहून काढा. मग पीएलसीचा प्रोग्रॅम, एचएमआयचा प्रोजेक्ट आणि प्रत्येक ड्राइव्हचे पॅरामीटर असे तीन बॅकअप घ्या. ड्राइव्हचे पॅरामीटर हमखास विसरले जातात, आणि ड्राइव्ह जळाला की नवा आणून बसवेपर्यंत कुणाला त्यांची आठवण होत नाही. प्रोग्रॅमला पासवर्ड असेल तर मशीन बनवणाऱ्याशी आधीच बोला. त्याच्याकडून माहितीचा वेगळा ब्लॉक करून घेणं हाच सरळ मार्ग आहे.

याच वेळी पीएलसीचा स्कॅन टाइम (प्रोग्रॅमच्या एका फेरीचा वेळ) लिहून ठेवा, सरासरीही आणि जास्तीत जास्तही. काम संपल्यावर हाच आकडा परत बघायचा आहे.

पीएलसीत ‘बातमीचा ब्लॉक’ बनवा

खरं काम इथं आहे. बहुतेक जण प्रोग्रॅममधले तीनशे-चारशे टॅग (नाव दिलेले आकडे) जसेच्या तसे बाहेर उघडे करतात आणि पुढं कुणालाच कळत नाही की कोणता आकडा कशाचा. त्याऐवजी वेगळा डेटा ब्लॉक करा आणि त्यात वीस-पंचवीसच गोष्टी ठेवा. बाहेरचं जग फक्त हा ब्लॉक बघेल. आतला प्रोग्रॅम उद्या बदलला तरी या ब्लॉकची मांडणी बदलायची नाही.

पहिली गोष्ट मोजणीची. माझ्या एका सुरुवातीच्या जोडणीत मी ‘पाऊच पूर्ण’ हा बिट (चालू-बंद संकेत) बाहेर दिला होता. तो प्रत्येक पाऊचला २०० मिलिसेकंद चालू राहायचा आणि वाचणारा दर सेकंदाला डोकवायचा. मग पाचातला एखादाच पाऊच हाती लागायचा. त्या संध्याकाळी बॉक्स मोजून झाले आणि स्क्रीनवरचा आकडा बघून सुपरवायझर काही बोलले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. तेव्हापासून बिट कधीच बाहेर देत नाही. पीएलसीतच सतत वाढत जाणारा काउंटर ठेवायचा. मधलं वाचन चुकलं तरी पुढच्या वाचनात फरक काढला की हिशेब जुळतो. हा काउंटर ३२ बिटांचा घ्या. चिन्हासकट १६ बिटांचा काउंटर ३२,७६७ ला भरतो आणि मिनिटाला ६० पाऊच धरले तर तेवढं व्हायला साधारण नऊ तास पुरतात. म्हणजे दुसऱ्या शिफ्टमध्ये आकडा अचानक उणे जाणार. ३२ बिटांचा काउंटर याच वेगानं न थांबता चालला तरी ६८ वर्षं पुरतो.

दुसरी गोष्ट एककाची. समजा एनकोडर (मोटर किती फिरली हे मोजणारा भाग) १७ बिटांचा आहे, म्हणजे एका फेऱ्याला १,३१,०७२ काउंट, आणि मोटरच्या एका फेऱ्यात फिल्म २०० मिलिमीटर सरकते. १५० मिलिमीटरच्या पाऊचला ९८,३०४ काउंट झाले. हा आकडा बाहेर देऊन कुणाचंही भलं होत नाही. भागाकार पीएलसीतच करा, मिलिमीटर द्या आणि टॅगच्या नावातच एकक लिहा. ‘फिल्म लांबी मिमी’ असं नाव दिलं की पाच वर्षांनी येणाऱ्या नव्या माणसालाही फोन करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट अक्षाच्या, म्हणजे एका सर्व्होनं चालणाऱ्या हालचालीच्या, स्थितीची. पीएलसीओपन या संस्थेच्या गती-नियंत्रण ब्लॉकांमध्ये प्रत्येक अक्षाला ठरलेल्या अवस्था असतात: डिसेबल्ड, स्टँडस्टिल (स्थिर उभा), होमिंग, डिस्क्रीट मोशन, कंटिन्युअस मोशन, सिंक्रोनाइझ्ड मोशन, स्टॉपिंग आणि एररस्टॉप (चूक येऊन थांबलेला). वेगवेगळ्या कंपन्यांचे पीएलसी वापरले तरी या अवस्थांचा अर्थ एकच राहतो, म्हणून स्वतःचे नवे कोड न शोधता याच बाहेर द्या. ड्राइव्ह सीआयए ४०२ प्रोफाइलचा (ड्राइव्हच्या माहितीची ठरलेली मांडणी) असेल तर काम आणखी सोपं होतं. स्टेटस वर्ड ६०४१, प्रत्यक्ष जागा ६०६४, प्रत्यक्ष टॉर्क (मोटरचा पीळ) ६०७७, फॉलोइंग एरर (सांगितलेली आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक) ६०एफ४ आणि एरर कोड ६०३एफ, हे पत्ते हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) सगळीकडे तेच असतात. टॉर्क हा रेटेड टॉर्कच्या हजाराव्या भागांत येतो. म्हणजे ८५० दिसलं तर ते ८५ टक्के. हेही पीएलसीतच बदलून द्या.

चौथी गोष्ट पहिल्या कारणाची. मालकांना खरं हेच हवं होतं. जॉचा ड्राइव्ह ट्रिप झाला की त्याच्यामागून फिल्मचा अक्ष एररस्टॉपमध्ये जातो, ऑगर थांबतो आणि एचएमआयवर सहा-सात अलार्म एकदम लाल होतात. एका सेकंदानं वाचणाऱ्याला ते सगळे एकाच क्षणी आलेले दिसतात. म्हणून सगळ्यात आधी आलेला अलार्म पीएलसीनं त्याच स्कॅनमध्ये वेगळा पकडून ठेवायचा आणि मशीन पुन्हा चालू होईपर्यंत सोडायचा नाही. ‘मशीन बंद’च्या जागी ‘जॉ ड्राइव्ह, जादा टॉर्क’ असं नाव यायला पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

पाचवी गोष्ट म्हणजे प्रत्येक पाऊचचं टोक. फॉलोइंग एरर दर सेकंदाला वाचण्यात अर्थ नाही. एका पाऊचच्या ओढीत ती जास्तीत जास्त किती झाली, ते पीएलसीनं धरून ठेवावं आणि पाऊच संपल्यावर ब्लॉकमध्ये टाकावं. टॉर्कचंही तसंच.

हळदीच्या धुळीनं काय शिकवलं

फिल्मवर छापलेली काळी खूण फोटो सेन्सर बघतो आणि तिच्यावरून पीएलसी पुढची ओढ थोडी कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती मिलिमीटरमध्ये बाहेर दिली आणि त्याच्या शेजारी ‘खूण सापडली नाही’ असा एक काउंटर ठेवला. पहिल्याच आठवड्यात दोन वेगळ्या चाली दिसल्या. कधी दुरुस्ती शिफ्टभर हळूहळू एकाच दिशेनं वाढत जायची: ०.२, ०.५, ०.९ मिलिमीटर. कधी दुरुस्ती ठीकठाक असायची, पण न सापडलेल्या खुणा वाढायच्या.

पॅकिंगवरच्या एका मावशींना मी स्क्रीन दाखवली. त्या म्हणाल्या, “साहेब, डोळा पिवळा झालाय. पुसला की चालतंय बघा.” त्यांनी ओढणीच्या टोकानं सेन्सरची काच पुसली आणि काउंटर तिथंच थांबला. पहिली चाल मात्र पुसून थांबली नाही. तिथं फिल्म ओढणाऱ्या पट्ट्यांवर पावडरचा थर बसलेला होता. पट्टे घसरत होते आणि पीएलसी बिचारा प्रत्येक पाऊचला थोडं जास्त ओढून ती घसर भरून काढत होता. पाऊच वेडावाकडा कापला जायच्या कितीतरी आधी हे आकड्यात दिसत होतं. आता दुरुस्ती ०.८ मिलिमीटरच्या वर गेली की ‘पट्टे पुसा’ असा निरोप एचएमआयवर येतो. मावशींना हे सगळं आधीपासून माहीत होतं. आकड्यांमुळे ते मेंटेनन्सलाही दिसायला लागलं.

ओपीसी यूए चालू करताना

जुनं ओपीसी १९९६ साली आलं. ते विंडोजच्या डीकॉम या संवाद-पद्धतीवर उभं होतं आणि दोन संगणकांमध्ये ते जुळवताना अनेकांनी रात्री जागवल्या. २००६ मध्ये आलेल्या ओपीसी यूएनं ती साखळी तोडली. आता ते आयईसी ६२५४१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि विंडोज, लिनक्स, थेट पीएलसी, कुठंही चालतं. आकड्याबरोबर तो किती भरवशाचा आणि केव्हाचा आहे, हेही ते सांगतं. खुली पद्धत निवडण्याचं कारण हेच: उद्या पीएलसी बदलला किंवा सॉफ्टवेअर देणारा बदलला, तरी दुसरी बाजू जशीच्या तशी राहते.

पीएलसीत ओपीसी यूए सर्व्हर आहे का आणि त्याला वेगळा परवाना लागतो का, ते खरेदीआधीच विचारा. सर्व्हर चालू केला की तो सहसा ४८४० या नेटवर्क पोर्ट क्रमांकावर मिळतो. फक्त बातमीचा ब्लॉक उघडा ठेवा, तोही फक्त वाचण्यापुरता. सुरक्षा ‘नन’वर (म्हणजे काहीच नाही) ठेवून चाचणी करायचा मोह होतो आणि मग ती तशीच राहून जाते. पहिल्या दिवसापासून ‘साइन अँड एन्क्रिप्ट’ ठेवा, बेसिक२५६एसएचए२५६ हे धोरण निवडा आणि निनावी प्रवेश बंद करा. क्लायंट (माहिती मागणारं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा जोडला की त्याचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) पीएलसीच्या नाकारलेल्या यादीत पडतं. तिथून उचलून ते विश्वासाच्या यादीत टाकावं लागतं. एवढं करूनही जोडणी होत नसेल तर पीएलसीचं घड्याळ बघा. बॅटरी संपलेल्या पीएलसीचं घड्याळ बऱ्याचदा १९७० सालात जाऊन बसलेलं असतं आणि त्याच्या दृष्टीनं आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं.

चाचणीला यूएएक्सपर्टसारखा मोफत क्लायंट लॅपटॉपवर पुरतो. टॅग एकेक करून पुन्हा पुन्हा विचारू नका, सबस्क्रिप्शन घ्या, म्हणजे बदल सर्व्हरच कळवतो. त्यात तीन आकडे महत्त्वाचे. सॅम्पलिंग म्हणजे सर्व्हर स्वतः किती वेळानं बघतो. पब्लिशिंग म्हणजे तो आपल्याकडे किती वेळानं पाठवतो. क्यू म्हणजे मधल्या काळात किती बदल जपून ठेवतो. सॅम्पलिंग २५० मिलिसेकंद, पब्लिशिंग १,००० आणि क्यू १ ठेवला, तर चारातले तीन आकडे हरवतात आणि कुठंही चूक दिसत नाही. क्यू निदान ५ ठेवा. टॅगचा पत्ता लिहिताना नेमस्पेसच्या (टॅगच्या नावांच्या गटाच्या) क्रमांकावर विसंबू नका. फर्मवेअर बदललं की तो क्रमांक बदलू शकतो. नेमस्पेसचं पूर्ण नाव वापरा. आणि आकडा वापरायच्या आधी त्याची स्थिती ‘गुड’ आहे का ते बघा. तुटलेल्या जोडणीतला शेवटचा आकडा खरा मानला की बंद पडलेलं मशीन स्क्रीनवर चालूच दिसतं.

जुना पीएलसी असेल तर

ओपीसी यूए नसलेल्या पीएलसीत बहुधा मॉडबस (जुनी, साधी संवाद-पद्धत) असतं. १९७९ पासूनचं आहे आणि अजून भक्कम आहे. इथरनेटवर त्याचं पोर्ट ५०२. मात्र त्याची आकडा ठेवायची पेटी १६ बिटांची, त्यामुळे मोठा आकडा दोन पेट्यांत विभागून येतो. दोन्ही पेट्या एकाच विनंतीत वाचा. वेगवेगळ्या वाचल्या तर मधल्या क्षणी आकडा बदलतो आणि ६५,५३६ ची उडी दिसते. कोणती पेटी आधी, हे कंपनीगणिक बदलतं. त्याची खात्री करायला पीएलसीत १,००,००० लिहा. एका पेटीत १ आणि दुसरीत ३४,४६४ दिसलं पाहिजे. क्रम उलटा लागला तर आकडा एकदम २,२५,८६,३२,७०५ होतो, म्हणजे चूक लपत नाही. १०० लिहून तपासणाऱ्याची एक पेटी शून्य राहते आणि शून्याकडं नीट लक्ष जात नाही.

पुढं एक छोटा औद्योगिक संगणक ठेवून त्यावर नोड-रेड (माहिती एका पद्धतीतून दुसरीत नेणारं सॉफ्टवेअर) चालवलं की मॉडबसमधून घेतलेलं ओपीसी यूए किंवा एमक्यूटीटीला (निरोप पाठवायची हलकी पद्धत) देता येतं.

केबल आणि नेटवर्क

इथरकॅटचं पोर्ट ऑफिसच्या स्विचला कधीही जोडू नका. प्लग तोच, केबल तीच, पण त्या तारेवर चालणारं काम वेगळं आहे. माहितीसाठी पीएलसीचं दुसरं पोर्ट वापरा आणि ते व ऑफिस यांच्यामध्ये फायरवॉल ठेवा. दुसरं पोर्ट नसेल तर कम्युनिकेशन मॉड्यूल घ्या. इथं वाचवलेला पैसा पहिल्या ब्रेकडाऊनमध्येच जातो.

मोटरची केबल आणि डेटा केबल एकाच डक्टमधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. मोटर केबलचं शील्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) ड्राइव्हच्या बाजूला पूर्ण गोलाकार क्लॅम्पनं दाबा. शील्डची शेपटी पिळून अर्थला लावली की विजेचा गोंगाट (नॉइज) तसाच राहतो.

उलट दिशेनं काय पाठवायचं

ऑफिसकडून मशीनकडे फक्त रेसिपी जावी: पाऊचची लांबी, वजन, बॅच नंबर. तीही थेट नाही. ऑफिस फक्त यासाठी उघडलेल्या एका वेगळ्या ब्लॉकमध्ये विनंती क्रमांकासह आकडे लिहील, पीएलसी मर्यादा तपासेल, एचएमआयवर ऑपरेटर ‘मान्य’ दाबेल आणि अक्ष स्टँडस्टिलमध्ये असतानाच नवे आकडे लागू होतील. मग पीएलसी तोच विनंती क्रमांक परत लिहील. क्रमांक जुळला म्हणजे काम झालं.

मूव्ह ब्लॉकचा एक्झिक्यूट बिट (हालचाल सुरू करणारा), एमसी-पॉवर (अक्षाला ताकद देणारा) आणि एमसी-रीसेट (फॉल्ट मिटवणारा) यातलं काहीही नेटवर्कवरून लिहू देऊ नका. फॉल्ट आला की माणूस गार्ड उघडून जॉमध्ये अडकलेला पाऊच हातानं काढतो. त्याच क्षणी गणपती पेठेतून कुणी रीसेट दाबला तर काय होईल, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. इमर्जन्सी स्टॉप, गार्डचा स्विच आणि ड्राइव्हचं सेफ टॉर्क ऑफ (मोटरची ताकद तोडणारी सोय) यांच्या तारा थेट सेफ्टी सर्किटमध्येच राहतील. यात कुणाचाही आग्रह ऐकायचा नाही.

वेळ, साठवण आणि पूर

सगळी घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) एकाच सर्व्हरला बांधा. साठवताना यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ साठवा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा. रात्रपाळी बाराला तुटते, म्हणून प्रत्येक नोंदीत शिफ्टची तारीख वेगळी लिहा, नाहीतर अर्धी शिफ्ट उद्याच्या खात्यात जाते.

कारखान्यातून ऑफिसकडे एमक्यूटीटी चांगलं, कारण ते हलकं आहे आणि जोडणी कारखान्यातून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. एन्क्रिप्ट केलेलं ८८८३ पोर्ट वापरा. क्यूओएस १ (निरोप निदान एकदा पोचवायची हमी) घेतलं तर निरोप हरवत नाही, पण कधी कधी दोनदा येतो, म्हणून प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्या आणि दुसऱ्यांदा आलेला टाकून द्या. इंटरनेट गेलं तर नोंदी कारखान्यातच साठून नंतर जातील अशी सोय हवी. २० टॅग दर सेकंदाला साठवले तर दिवसाला १७,२८,००० नोंदी होतात. त्यापेक्षा बदल झाला तरच, किंवा पाऊचला एक अशी नोंद ठेवा. आलेखासाठी इन्फ्लक्सडीबी (नोंदी साठवणारं) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं) यांची जोडी पुरेशी आहे.

सर्व्हर कुठं ठेवायचा, हा आपल्याकडं खरा प्रश्न आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पेठेतल्या दुकानदारांनी बघितलेत. मुख्य साठा कुपवाडला ठेवा, पेठेत फक्त स्क्रीन. एक प्रत जिल्ह्याबाहेर असू द्या.

ताब्यात देण्याआधी

मशीन पूर्ण वेगात असताना माहितीची केबल उपटा. पाऊचमध्ये तसूभर फरक पडता कामा नये. दहा मिनिटांनी केबल लावा आणि मधल्या नोंदी आल्या का ते बघा. मग सर्व्हर बंद करून पुन्हा तेच करा. स्कॅन टाइम आधीच्या आकड्याशी ताडून बघा. जास्तीत जास्त आकडा वाढला असेल तर टॅग कमी करा किंवा सॅम्पलिंग सैल करा. छोट्या पीएलसीवर जास्त टॅगांचा भार फिल्मच्या ओढीत थरथरीच्या रूपानं दिसतो.

शेवटी एक तास मावशींबरोबर उभं राहून बॉक्स मोजा आणि काउंटरशी जुळवा, एक-दोन पाऊचचा फरकही सोडू नका. टॅगची यादी, एककं, आयपी पत्ते आणि बॅकअपची तारीख एका कागदावर छापा, लॅमिनेट करा आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवा.